'ज कोने' की 'ज से'? फ्रेंचमधलं माणसं आणि गावं माहीत असणं

सोनकाठ | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, ल्यों शहरात येऊन मला चौदा महिने झाले. पुण्यात शिकून ए-टूचं (सहापैकी दुसऱ्या पातळीचं) प्रमाणपत्र घेऊन आले होते, म्हणजे कागदोपत्री मला फ्रेंच येत होतं. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका क्रियापदानं माझी फजिती केली आणि अजूनही ते मला पुरतं वश झालेलं नाही. क्रियापद आहे 'कोनेत्र'. (फ्रेंच शब्द देवनागरीत लिहितेय, उच्चार जवळपासचे आहेत. शुद्धतेवरून भांडू नका, 'ज'मधला स्वर नीट लिहायला मला अक्षर सापडलं नाही.)

प्रसंग पहिला. प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये माझ्या शेजारी पन्नाशीची एक सहकारी बसली होती. चांगली हसून बोलत होती. मी कुठली वगैरे विचारून झाल्यावर म्हणाली, "ज न कोने पा लँद." मी मनात शब्दाला शब्द लावला: मला भारत माहीत नाही. म्हटलं, अगं बाई, एवढा मोठा देश आणि हिला माहीत नाही? मग मी टेबलावर पावाच्या तुकड्यांचा नकाशाच मांडला. वर चीन, इकडे पाकिस्तान, खाली मिठाची पुडी म्हणजे श्रीलंका. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, हो, माझी भाची दोन वर्षं चेन्नईत होती. मला वाटलं, आता या मिठाच्या पुडीतच शिरावं.

तिला म्हणायचं होतं, मी भारतात कधी गेलेले नाही.

प्रसंग दुसरा, महिन्याभरानं. तीच बाई, तेच टेबल. "वू कोनेसे आन्सी?" आन्सी म्हणजे इथून रेल्वेनं दोनेक तासांवरचं तळ्याकाठचं गाव, फोटो शंभर वेळा पाहिलेले. मी छातीठोक सांगितलं, "वी, ज कोने!" तिचा चेहरा खुलला. मग कालव्याच्या कुठल्या बाजूला राहिलात, तळ्याला सायकलनं चक्कर मारली का, गर्दी होती का. मी नुसती मान डोलवत राहिले. खोटं बोलायचा इरादा नव्हता हो, मला एवढंच म्हणायचं होतं की नाव ऐकलंय!

तर प्रश्न असा. वर्गात आम्हाला सांगितलं होतं की 'माहीत असणे'साठी फ्रेंचमध्ये दोन क्रियापदं, कोनेत्र ('मी'बरोबर 'ज कोने') आणि साव्वार ('मी'बरोबर 'ज से'), आणि माणसं व जागा यांना कोनेत्र. नियम पाठ आहे. पण तोंडातून वाक्य येताना मराठीतून विचार होतो आणि तिथेच घसरगुंडी होते. तुम्ही कसं बसवलंत?

घाटावरचा | सोमवार, रात्री १०.०५

पावाच्या तुकड्यांचा नकाशा! हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

मी फ्रेंच नाही, जर्मन शिकलो. तिथेही असंच, केनेन आणि व्हिसेन. पण मला ते कधी जड गेलं नाही, कारण मराठीत हा भेद आपल्याकडे आधीपासून आहे. आपण 'मला जोशी माहीत आहेत' म्हणत नाही, 'मी जोशींना ओळखतो' म्हणतो. इंग्रजीवाल्यांना एकच 'नो', त्यांची पंचाईत. आपली कशाला व्हावी? ओळखणे म्हणजे कोनेत्र, माहीत असणे म्हणजे साव्वार. विषय संपला.

फळाखडू | सोमवार, रात्री १०.३२

घाटावरचा, विषय संपला नाही, तिथूनच सुरू होतो.

मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला फ्रेंच शिकवलं. बहुतेक मुलं मार्कांसाठी घेतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यातली काही नंतर प्रेमात पडतात. माणसांच्या बाबतीत मराठी मुलं फारशी चुकत नाहीत, तुम्ही म्हणता त्याच कारणानं. चुकतात ती जागांच्या बाबतीत. कारण आपण 'मी पुणं ओळखतो' म्हणत नाही, 'मला पुणं माहीत आहे' म्हणतो. म्हणजे गाव आपल्याकडे 'माहीत'च्या खणात पडलेलं असतं. मग मुलं 'ज से पारी' लिहितात. हे वाक्य फ्रेंच कानाला इतकं विचित्र लागतं की ऐकणारा उरलेल्या वाक्याची वाट बघत बसतो. पॅरिसचं काय? पुढे बोल ना.

मी वर्गात माणूस-जागा अशी यादी देणं सोडून दिलं होतं. क्रियापदाच्या पुढे काय येतंय ते बघा, असं सांगायचे.

कोनेत्रच्या पुढे फक्त नाम किंवा सर्वनाम येतं. माणूस, गाव, हॉटेल, गाणं, शब्द, रस्ता. त्याच्यापुढे 'की' येत नाही, 'कुठे', 'कसं', 'केव्हा' येत नाही, दुसरं क्रियापदही येत नाही. ते सगळं साव्वारचं काम.

एकच उदाहरण देते, मुलांना हे चटकन कळायचं. 'मला त्याचा पत्ता माहीत आहे' हे 'ज कोने सोंनाद्रेस'. 'तो कुठे राहतो ते मला माहीत आहे' हे 'ज से ऊ इलाबीत'. माहिती तीच, एकाच माणसाचं एकच घर. पहिल्यात पुढे नाम आहे, दुसऱ्यात पुढे अख्खं वाक्य आहे, म्हणून क्रियापद बदललं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर पत्ता, नाव, उत्तर, धडा अशा थोड्या नामांना साव्वारही चालतं. पण माणूस आणि गाव यांना कधीच नाही.

रूपं चालवायला सोपी आहेत. एकवचनात तिन्ही पुरुषांना उच्चार एकच, कोने. मुलं खूश व्हायची. अनेकवचनात आम्ही कोनेसों, तुम्ही कोनेसे, ते कोनेस. लिहिताना मात्र तृतीय पुरुषाचं 'कोने' वेगळं, तेव्हा खुशी मावळायची.

आईची_वही | सोमवार, रात्री ११.१०

फळाखडू ताई, तुम्ही देवासारख्या भेटलात. मुलगी नववीत आहे. तिच्या वहीत चौकट करून लिहिलंय, 'माणूस = कोनेत्र, वस्तू = साव्वार'. घटक चाचणीत गाळलेली जागा होती, 'तुला हे गाणं ____ का?' गाणं ही वस्तू, म्हणून तिनं साव्वार लिहिलं आणि अर्धा मार्क गेला. ती रडकुंडीला, मी फ्रेंचमध्ये निरक्षर. चौकट चुकीची आहे ना?

फळाखडू | सोमवार, रात्री ११.१८

चौकट अर्धवट आहे. गाणं नाम आहे, इथे 'हे गाणं तू ऐकलंयस का, तुझ्या परिचयाचं आहे का' असा प्रश्न आहे, म्हणून कोनेत्र. तेच गाणं तोंडपाठ आहे म्हणायचं असेल तर साव्वार येऊ शकतं, पण ते नववीच्या पेपरात नको. लेकीला सांगा, चौकटीवर काट मारायची आणि शेजारी लिहायचं: पुढे बघ.

घाटावरचा | मंगळवार, सकाळी ८.०२

शरणागती पत्करली. पण पाठ करायला एक युक्ती सुचलीय, बघा पटते का. 'कोने'मध्ये 'कोण' आहे. 'कोण?' असा प्रश्न पडला की कोने. आणि कानाकोपऱ्यातला 'कोन' पण आहे, म्हणजे गावंही आली. माणूस कोण, गावाचे कोन!

फळाखडू | मंगळवार, सकाळी ८.४५

युक्ती गोड आहे आणि एका ठिकाणी धाडकन पडते. 'तो कोण आहे ते मला माहीत आहे' याचं फ्रेंच 'ज से कि से'. तिथे 'कोण' आहे आणि क्रियापद साव्वार, कारण पुढे वाक्य आहे.

त्यापेक्षा माझ्या एका विद्यार्थ्यानं काढलेली युक्ती घ्या. 'मला माहीत आहे की' याला फ्रेंचमध्ये 'ज से क'. मराठीत आपण 'जसे की' म्हणतोच. से नंतर 'की' शोभतं, कोने नंतर नाही. त्या पोरानं बारावीच्या पेपरात हे एकदाही चुकवलं नाही, बाकी सगळं चुकवलं.

घाटावरचा | मंगळवार, सकाळी ८.५१

जसे की!! वाखुसा (वाचनखूण साठवली).

खडूस_काका | मंगळवार, दुपारी १.२०

मराठी संस्थळावर फ्रेंच व्याकरणाचे वर्ग सुरू झालेले पाहून आधी कपाळावर आठी आली, मग वाचत गेलो. आता आलोच आहे तर थोडं उकरतो.

कोनेत्र आलं लॅटिनच्या 'कोग्नोस्केरे'वरून. त्यातला 'ग्नो' आणि आपला संस्कृत 'ज्ञा' हे एकाच मूळ धातूचे. म्हणजे कोनेत्र हा आपल्या 'जाणणे'चा दूरचा मावसभाऊ. साव्वारचं मूळ अगदी निराळं. लॅटिन 'सापेरे', अर्थ चव असणे, चव घेणे. त्यावरून शहाणपण असणे. इटालियनमध्ये त्या क्रियापदाला अजून चवीचा अर्थ आहे. आपण 'अकलेला चव नाही' म्हणतो, त्यांनी अक्कल आणि चव एकाच शब्दात बसवली.

आणखी एक, यात मला फार मौज वाटते. कोनेत्रला पुढे 'र' लावला की 'रकोनेत्र', म्हणजे पुन्हा ओळखणे. त्याचंच 'रकोनेसाँ', अर्थ उपकार स्मरणारा. आणि आपला 'कृतज्ञ'? केलेलं जाणणारा. शेवटी तोच 'ज्ञ'. इंग्रजीतल्या 'थँकफुल'मध्ये जाणण्याचा मागमूस नाही, फ्रेंच आणि संस्कृत मात्र इथे एका वाटेनं गेल्या.

जाता जाता, या क्रियापदाच्या 'इ'वर फ्रेंच लोक एक टोपी घालतात. ती टोपी म्हणजे तिथे पूर्वी 'स' होता त्याची खूण. 'स' उच्चारातून गेला, मग लिहिण्यातून गेला, टोपी उरली. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेत ही टोपी ऐच्छिक केली. ते प्रकरण कागदावरच राहिलं आणि २०१६ मध्ये शाळेच्या पुस्तकांत नवी रूपं येणार म्हटल्यावर तिकडे केवढा गदारोळ झाला. मला आपले १९६२ चे नियम आठवले. 'नांव', 'कांहीं' यांच्यावरचे उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. माझे वडील शेवटपर्यंत 'नांव' असंच लिहीत राहिले. टोपी काय आणि टिंब काय, सवय जात नाही.

आईची_वही | मंगळवार, दुपारी १.४४

काका, टोपी घातली नाही तर मार्क जातो का ते सांगा, बाकी नंतर वाचते.

फळाखडू | मंगळवार, दुपारी २.१५

नियमानं दोन्ही बरोबर. पण पुस्तकात टोपी असेल तर टोपी घालावी. परीक्षकाशी १९९० चा वाद घालत बसायचं नाही.

मांडवीपार | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

गोव्याहून नमस्कार. आमचे आजोबा पोर्तुगीज अमलात शिकले. पोर्तुगीजमध्येही हीच जोडी, कुन्येसेर आणि साबेर. माणसाला, गावाला कुन्येसेर.

पण मला सांगायचं आहे ते कोंकणीबद्दल. माणसासाठी आम्ही म्हणतो, 'हांव ताका वळखता'. गोष्ट माहीत असेल तर 'म्हाका खबर आसा'. इथवर मराठीसारखंच. गाव आलं की आजी दोन्ही सोडून द्यायची. तिला विचारलं, म्हापसा माहीत आहे का, तर उत्तर यायचं, 'म्हापशें पळयलां'. पाहिलंय. पाहिलं नसेल तर तिच्या लेखी ते गाव माहीत नाहीच, नकाशात असलं तरी. सोनकाठ यांच्या कँटीनमधल्या बाईशी आमच्या आजीचं चांगलं जमलं असतं.

सोनकाठ | मंगळवार, रात्री ११.०५

मांडवीपार, तुमच्या आजीनं माझी गाठ सोडवली. आता सविस्तर लिहिते, झोप उडालीय.

मी राहते क्र्वा-रूस नावाच्या टेकडीवर. हा जुना रेशीम विणणाऱ्यांचा भाग, त्या कामगारांना इथे 'कान्यू' म्हणतात. माझ्या खोलीचं छत चार मीटर उंच आहे, कारण एकेकाळी इथे झाकार नावाचे उंच माग उभे असायचे. दिवा बदलायचा तर शिडी लागते, आणि शिडी आहे खालच्या मजल्यावरच्या आजींकडे. वय ८४. शिडीच्या निमित्तानं ओळख झाली.

एका रविवारी त्या मला 'त्राबूल' दाखवायला घेऊन गेल्या. पुण्याच्या पेठांतले बोळ आठवा, पण वर इमारत असलेले. रस्त्यावरचं साधं घराचं दार वाटतं, शेजारचं बटण दाबलं की उघडतं, आत अंधारी वाट, मग चौक, मग जिना, आणि आपण थेट खालच्या रस्त्यावर बाहेर पडतो. रेशमाचे तागे पावसात न भिजवता यातून उतरवायचे. आजी एका दारातून शिरायच्या आणि मी 'आता कुठे निघणार' म्हणेपर्यंत भलत्याच गल्लीत. मध्येच थांबून अभिमानानं म्हणाल्या, "ज कोने ल कार्तिए कोम मा पोश." हा भाग मला माझ्या खिशासारखा माहीत आहे. आपण म्हणू, इथला खडा न् खडा माहीत आहे. खिसा म्हणताना त्यांनी कोटाच्या खिशात खरंच हात घातला आणि किल्ल्या खुळखुळवल्या.

मग घरी कॉफी. भिंतीवर एका मिशीवाल्या शिपायाचा फोटो होता. मी विचारलं, कोण? म्हणाल्या, आईचे वडील, पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये व्हेर्दँच्या लढाईत गेले. आणि पुढे, "ज ने पा कोन्यू मों ग्राँ-पेर."

ए-टूच्या बुद्धीनं याचं भाषांतर होतं, 'मी माझ्या आजोबांना ओळखलं नाही'. भलतंच! जणू रस्त्यात भेटले आणि हिनं ओळख दाखवली नाही. पण कानावर पडल्याबरोबर माझ्या डोक्यात आईचा आवाज आला. आई तिच्या आजोबांबद्दल नेहमी म्हणते, 'मी त्यांना पाहिलेलं नाही.' तंतोतंत तेच वाक्य, त्याच सुरात.

तेव्हा ते नुसतं जाणवलं होतं, आज तुमचं 'पळयलां' वाचून जुळलं. मी इतके दिवस कोनेत्रला 'ओळखणे' आणि 'माहीत असणे' यांच्यात कोंबत होते. खरी जोडी 'पाहणे'शी लागते, म्हणजे डोळ्यांनी बघण्याच्या अर्थानं नाही, आजोबांना पाहण्याच्या अर्थानं. मी भारत पाहिलेला नाही. तू आन्सी पाहिलंस? मी आजोबांना पाहिलं नाही. तिन्ही वाक्यं सरळ बसतात. हे आधी कळलं असतं तर पावाचा नकाशा वाचला असता.

फळाखडू | बुधवार, सकाळी ७.५०

सोनकाठ, बावीस वर्षांत हे मला सुचलं नाही, मान्य करते. आणि तुमच्या सिद्धांताला आणखी एक पुरावा देते. फ्रेंच वर्तमानपत्रांत रोज दिसतं, अमुक प्रदेशानं दुष्काळ 'कोने' केला, अमुक देशानं मंदी 'कोन्यू' केली. वरच्या इयत्तेतली मुलं इथे अडखळतात, देशाला दुष्काळ कसा माहीत असेल? पण आपणही म्हणतो, या गावानं तीन दुष्काळ पाहिले. तिथेही 'पाहणे'च.

भूतकाळाबद्दल मात्र सावध. 'ज ले कोन्यू आ ल्यों' म्हणजे त्याची-माझी ओळख ल्योंमध्ये झाली. सुरुवात कुठे झाली ते सांगायचं असतं. साव्वारचंही तसंच, 'जे स्यू' म्हणजे मला कळलं. आपल्याकडे 'माहीत होतं' आणि 'कळलं' हे दोन वेगळे शब्द असल्यानं मराठी मुलांना हे सोपं जातं, फक्त कुणीतरी दाखवून द्यावं लागतं.

नुसता_प्रश्न | बुधवार, सकाळी १०.२०

'पाहणे' सिद्धांत आवडला, पण मग झिदानचं काय? माझा फ्रेंच सहकारी मला विचारतो, 'त्यु कोने झिदान?' मी झिदानला कुठे पाहिलाय? नुसतं नाव माहीत असलं तरी फ्रेंच माणूस कोनेत्रच वापरतो. म्हणजे सोनकाठ आन्सीच्या बाबतीत तशा चुकल्या नव्हत्याच की! नाव ऐकलं होतं, 'ज कोने' म्हणाल्या.

सोनकाठ | बुधवार, सकाळी १०.४१

अरे वा, वकील मिळाला. पण त्या बाईसमोर हा युक्तिवाद टिकणार नाही.

फळाखडू | बुधवार, दुपारी १२.०५

प्रश्न रास्त आहे. प्रसिद्ध माणसाच्या बाबतीत 'ओळखतोस का' चा अर्थ 'ठाऊक आहे का' असाच होतो, कारण प्रत्यक्ष भेटीची अपेक्षाच नसते. आपणही पोराला विचारतो, 'गावसकर माहीत आहे का रे?' इथे मराठी माणूस 'ओळखतोस का' म्हणत नाही, गंमत बघा, मोठा माणूस आपल्याकडे गावासारखा 'माहीत'च्या खणात जातो. फ्रेंचला खण एकच.

गावाच्या बाबतीत जवळच्या गावाबद्दल विचारलं तर 'गेलायत का' असाच अर्थ निघतो. फक्त नाव ऐकलं असेल तर स्पष्ट सांगायचं, 'द नों', नावानं. माणसाबाबतीत 'द व्यू', म्हणजे पाहून माहीत आहे, बोलणं नाही. या 'द व्यू'ला आपल्याकडे शब्द किती छान आहे, तोंडओळख. आणि अजिबात पत्ता नसेल तर बोलीत नुसतं 'कोने पा', कर्ता गाळून, खांदे उडवून.

उसाच्या_मळ्यातून | बुधवार, दुपारी ४.३०

मॉरिशसहून लिहितो. माझी मराठी शाळेतली आहे, चूक झाल्यास सांभाळून घ्या. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर कामाला आले. घरात क्रियोल (फ्रेंचमधून घडलेली इथली भाषा), वर्तमानपत्र फ्रेंच, पूजा मराठी.

तुमची दोन क्रियापदांची भांडणे वाचून हसू आले. आमच्या क्रियोलने हा प्रश्न केव्हाच मिटवला. साव्वार टाकून दिले, 'कोने' ठेवले. मला माहीत नाही, 'मो पा कोने'. मी त्याला ओळखतो, 'मो कोन्न ली'. मला पोहता येते, 'मो कोन्न नाजे'. सगळे एकाच शब्दात. मागे काही आले की तो शब्द आखूड होऊन 'कोन्न' होतो, एवढेच.

त्यामुळे आमची मुले शाळेत फ्रेंच लिहिताना उलटी चूक करतात. तुम्ही कोनेत्रच्या जागी साव्वार लिहिता, आमची मुले साव्वारच्या जागी कोनेत्र.

घाटावरचा | बुधवार, दुपारी ४.४८

उसाच्या_मळ्यातून, तुमची मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे. 'मो पा कोने' आजपासून माझं ब्रीदवाक्य.

पोहण्यावरून प्रश्न. जर्मनमध्ये पोहता येणं हे 'शकणे'च्या क्रियापदानं दाखवतात. फ्रेंचमध्ये साव्वार?

फळाखडू | बुधवार, संध्याकाळी ५.३०

हो, 'ज से नाजे', आणि इथे मराठी माणसाला जो फायदा आहे तो इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला नाही. तरी आपण इंग्रजीतूनच फ्रेंच शिकतो आणि तो फायदा घालवतो. आपल्याकडे 'मला पोहता येतं' आणि 'मी पोहू शकतो' हे वेगळं. फ्रेंचचंही अगदी तसंच, येतं म्हणजे साव्वार, शकतो म्हणजे पूव्वार. 'मला गाडी चालवता येते, पण आज चालवू शकत नाही, चष्मा घरी राहिलाय.' हे वाक्य वर्गात मराठीतून सांगितलं की दहा मिनिटांचं स्पष्टीकरण वाचतं. इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा मराठी ऐकून चटकन माना हलवायची. पुस्तकं मात्र सगळी इंग्रजीतून समजावणारी.

खडूस_काका | बुधवार, रात्री ८.१५

+१. या शेवटच्या वाक्यावर वेगळा धागा निघायला हवा.

नुसता_प्रश्न | बुधवार, रात्री ९.००

अवांतर: आपल्याकडे 'ओळख आहे का तिथे?' याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. फ्रेंचमध्ये त्याला कोनेत्रचंच काही?

सोनकाठ | बुधवार, रात्री ९.३३

त्याला 'पिस्तों' म्हणतात! यंत्रातला पिस्टन तोच. वशिल्यानं लागलेल्या माणसाला 'पिस्तोने', म्हणजे पिस्टननं ढकललेला. घरभाड्यासाठी कागद गोळा करताना हा शब्द मी फार लवकर शिकले, माझ्याकडे नसल्यामुळे.

आणि उलटं एक सांगते, गेल्या आठवड्यातलं. माझी सायकल बिघडली. वरच्या मजल्यावरचा माणूस म्हणाला, आण इकडे, "ले व्हेलो, सा म कोने." शब्दशः, सायकली, त्या मला ओळखतात. मी त्यांना नव्हे, त्या मला! अर्थ, यात माझा हात बसलेला आहे. मला हे लगेच आवडलं, कारण आपल्याकडेही विद्या आपल्याला 'येते', आपण कर्ता नसतोच. सायकल मात्र त्याला ओळखत नसावी. ब्रेक अजून वाजतोय.

आईची_वही | शुक्रवार, संध्याकाळी ७.१०

आज चाचणी झाली. गाळलेली जागा आली होती, 'मला ____ की ती पुण्यात राहते.' लेक 'जसे की, जसे की' पुटपुटत होती म्हणे, शेजारच्या मुलीनं ऐकून तीही लिहिलं. दोघींचं बरोबर. फळाखडू ताई, तुमच्या त्या विद्यार्थ्याला पेढे.

सोनकाठ | सोमवार, रात्री ८.२०

हा धागा काढल्याला आज आठवडा झाला, तर हिशेब पुरा करते. शनिवारी सकाळची गाडी पकडून आन्सीला गेले. तळं खरंच त्या रंगाचं आहे, मला वाटायचं फोटोत भर घालतात. कालव्याच्या मधोमध दगडी जुना तुरुंग आहे, नावेच्या टोकासारखा, त्याच्यासमोर उभं राहून सगळे तोच फोटो काढतात, मीही काढला. तळ्याला सायकलनं चक्कर मारायला निघाले आणि एक तृतीयांश वाटेवरूनच परत फिरले.

आज कँटीनमध्ये त्या बाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मँत्नाँ, ज कोने आन्सी." आता मला आन्सी माहीत आहे. त्यांनी विचारलं, किती दिवस? म्हटलं, एक. त्यांनी काटा खाली ठेवला आणि दोन बोटं एकमेकांजवळ आणून म्हणाल्या, "अँ प." थोडंसं.

घाटावरचा | सोमवार, रात्री ८.३५

बाई पक्क्या पुणेरी आहेत. बरं, आपण साताऱ्याच्या ना? मग सातारा पूर्ण 'कोने' की 'अँ प'?

सोनकाठ | सोमवार, रात्री ८.५२

अजिंक्यतारा, चार भिंती, राजवाडा, सगळे कंदी पेढेवाले, कोम मा पोश. पण कासला फुलांच्या दिवसांत एकदाही गेलेली नाही. दरवर्षी गर्दी आहे म्हणून पुढच्या वर्षी जाऊ म्हणायचो. कँटीनमध्ये कुणी विचारलं तर काय सांगायचं कळत नाही.